छिद्राएवढी जखम आणि नळाचे पाणी

बंगळूरुच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यावर, बनशंकरीचे देऊळ आहे. १९१५ साली उभ्या राहिलेल्या या देवळाने भोवतालच्या विस्तीर्ण वस्तीला आपले नाव दिले. बदामीजवळच्या मूळ ठाण्याची ही देवी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असल्याने मराठी वाचकाला हे नाव परके वाटत नाही. देवळासमोरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या अंगाने, हारोहळ्ळी आणि तातगुणी येथील पंपगृहांतून, कावेरीचे पाणी शहरात चढवले जाते. सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आणि जवळजवळ पाचशे मीटरची चढण ओलांडून येणारे हे पाणी १९७४ पासून बंगळूरु पीत आले आहे. ते गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते आणि ते पिण्यास योग्य असते. मात्र पिण्यायोग्य पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे, कोणत्याही शहरातले असो. पोटात गेलेल्या पाण्यातील चार निरुपद्रवी जंतू जठरातील आम्ल सहज निकालात काढते. तेच जंतू शस्त्रक्रियेच्या हत्यारावर बसून त्वचेखालच्या चरबीत पोहोचले, तर त्यांना अडवणारे तेथे फारसे कोणी नसते.

हा फरक किती महाग पडू शकतो, याची एक नोंद बंगळूरुमधीलच आहे. २००६ साली रुग्णालयीन संसर्गांना वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात येथील शल्यचिकित्सकांनी एका उद्रेकाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांच्या काळात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या १४५ रुग्णांपैकी ३५ जणांच्या पोटावरील छिद्रांच्या जागी संसर्ग झाला होता. जंतू होता मायकोबॅक्टेरियम चेलोनी, क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. शोध घेत गेल्यावर संशयाची सुई थांबली ती हत्यारे रसायनात बुडवून काढल्यानंतर ज्या पाण्याने खळबळली जात, त्या पाण्यावर. चूक झाकून ठेवण्याकडे बहुतेक संस्थांचा कल असतो. तिचा आकड्यांसह वृत्तान्त छापणाऱ्या त्या वैद्यांचे म्हणूनच कौतुक केले पाहिजे.

या घटनेचे मर्म कळण्यासाठी वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते, कारण त्या इतिहासातील बराचसा झगडा जखमेशीच झालेला आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून वगळण्याचा मार्ग मांडला. १९६६ मध्ये आयोवा येथे एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. आजच्या बायपासचे ते पूर्वरूप. पोटाच्या आत काय जोडावे आणि काय वगळावे, यावर त्या काळी विपुल लेखन झाले. पण रुग्णाला घरी गेल्यावर जे भोगावे लागे, ते बहुधा पोटाच्या बाहेरच्या बाजूला असे. छातीच्या मध्यहाडाखालून बेंबीपर्यंत उभी चीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कित्येक सेंटिमीटर जाडीची चरबी.

चरबीला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, पांढऱ्या पेशी कमी आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविकही कमी. चीर उघडी ठेवण्यासाठी लावलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या दाबाने चरबीच्या पेशी चिरडतात, त्यांतून स्रवलेला द्रव टाक्यांखालच्या पोकळीत साचतो, आणि असा साचलेला कोमट द्रव म्हणजे जंतूंना आयते वाढलेले ताट. त्यात स्थूल माणसाच्या पोटातील दाब मुळात अधिक. प्रत्येक खोकल्याबरोबर टाके ताणले जातात. जखम उसवते, किंवा वरून भरलेली दिसते आणि आतला थर फाटून काही महिन्यांनी तेथे हर्निया दिसू लागतो. मधुमेह सोबतीला असला तर हे सारे दुणावते. मेद, प्रमेह आणि न भरणारी जखम यांचे नाते आपल्याकडे फार पूर्वी ध्यानात आले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहपिडकांचा स्वतंत्र विचार आहे.

यातील औषधाचा भाग १९८९ मध्ये नेमका मोजला गेला. त्या वर्षी कॅनडातील माँट्रियल येथील फोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांच्या रक्तात आणि चरबीत सेफॅझोलिन या प्रतिजैविकाची पातळी तपासली. सर्वांना दिली जाणारी एक ग्रॅमची मात्रा या रुग्णांच्या देहात अपुरी पडत होती. मात्रा दोन ग्रॅम केल्यावर जखमेच्या संसर्गाचे प्रमाण १६.५ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर आले. औषध नवे नव्हते आणि हात तेच होते. रुग्णाचा देह मोठा आहे, एवढी साधी गोष्ट मात्रा ठरवताना विचारात घेतली गेली.

मोठा बदल मात्र चीरच नाहीशी झाल्याने घडला, आणि त्याची भारतातील सुरुवात मुंबईत झाली. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटात दुर्बीण घालून निदान करण्यास आरंभ केला होता. त्या काळी ही अनेकांना परदेशी चैन वाटे. ३१ मे १९९० रोजी त्यांनी त्याच रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातील ही अशी पहिली शस्त्रक्रिया. जर्मनीत एरिश म्यूहे यांनी ती प्रथम केली त्याला तेव्हा पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाला हे तंत्र परवडणार नाही, असा आक्षेप होता. उदवाडिया यांची भूमिका नेमकी उलट होती: रोजावर काम करणाऱ्या माणसालाच लहान जखमेची सर्वांत जास्त गरज आहे, कारण तो लवकर कामावर परततो. या युक्तिवादाला उत्तर देणे अवघड होते.

१९९४ मध्ये अमेरिकेतील विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी जठराची बायपास शस्त्रक्रियाही दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर २००१ साली कॅलिफोर्नियातील निन्ह एन्गुयेन आणि सहकाऱ्यांनी १५५ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. उघड्या शस्त्रक्रियेत जखमेचा संसर्ग १०.५ टक्के रुग्णांना झाला, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत १.३ टक्के रुग्णांना. चिरेच्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण उघड्या गटात ७.९ टक्के होते, दुसऱ्या गटात शून्य. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया पुढे जगभर पसरली, त्यामागे आतल्या जोडणीतील सुधारणा होत्याच. पण अर्ध्या ते दीड सेंटिमीटरच्या चार-पाच छिद्रांचा वाटा त्याहून कमी नव्हता.

येथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. पण जखम आक्रसली तशी हत्यारे लांब आणि बारीक झाली. उघड्या शस्त्रक्रियेची कात्री-चिमटे म्हणजे पोलादाचे सरळ तुकडे. शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये घडवलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश वाफेत, ते निःशंकपणे निर्जंतुक करता येतात. दुर्बिणीच्या हत्याराला मात्र पोकळ नळी असते, टोकाला सांधा असतो, वरून विजेपासून बचाव करणारे प्लास्टिकचे आवरण असते. सुरुवातीच्या काळातील बऱ्याच हत्यारांना आणि दुर्बिणींना वाफ सोसत नसे. त्यामुळे १९६० च्या दशकात प्रचारात आलेल्या ग्लुटारल्डिहाइड या द्रवाचा आधार घेतला गेला. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात हत्यारे दोन टक्के द्रावणात वीस मिनिटे बुडवायची, पाण्याने खळबळायची आणि पुढच्या रुग्णासाठी घ्यायची. वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात. पण बीजाणूंसह सर्वांचा नायनाट व्हायचा तर सुमारे दहा तास लागतात. दिवसाला सहा-सात शस्त्रक्रिया आणि हत्यारांचा एकच संच असेल, तर दहा तास कोठून आणायचे? नळीत रक्ताचा वा चरबीचा कण अडकून राहिला असेल, तर द्रावण त्याच्या आत पोहोचतही नाही. एकदाच वापरून टाकण्यासाठी बनवलेली महाग हत्यारे पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह यात भर घालतो.

आणि हे सारे नीट पार पडले, तरी शेवटी खळबळण्याचे पाणी उरतेच.

मायकोबॅक्टेरियम चेलोनीचा शोध रुग्णालयात लागलेला नाही. १९०३ साली फ्रीडरिख फ्रान्झ फ्रीडमन यांना तो बर्लिनच्या मत्स्यालयातील समुद्री कासवांच्या फुप्फुसांत सापडला. ग्रीक भाषेत कासवाला जो शब्द आहे, त्यावरून पुढे त्याला हे नाव मिळाले. या कुळातील जंतूंभोवती मेणासारखे कवच असते. त्यामुळे क्लोरीनला ते इतरांहून अधिक काळ दाद देत नाहीत, आणि नळांच्या व टाक्यांच्या आतील बुळबुळीत थरात वर्षानुवर्षे तग धरतात. काही वाण तर ग्लुटारल्डिहाइडलाही सरावलेले आढळले आहेत. ब्राझीलने त्याची मोठी किंमत मोजली. २००६ ते २००७ या एका वर्षात रिओ दि जानेरो राज्यातील ६३ रुग्णालयांतून अशा संसर्गाचे एक हजाराहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्या साथीतला जंतू याच गटातला होता आणि दोन टक्के द्रावण त्याला मारू शकत नव्हते. २००९ मध्ये त्या देशाने शरीराच्या आत जाणारी हत्यारे नुसत्या द्रवात बुडवून निर्जंतुक करण्यावरच बंदी घातली.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा संसर्ग फसवा आहे. नेहमीचा संसर्ग पहिल्या आठ-दहा दिवसांत ताप, लाली आणि पू घेऊन येतो. येथे छिद्र छान भरून येते, टाके निघतात, रुग्ण फिरू लागतो, उतरलेल्या वजनाचे कौतुक सुरू होते. आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी एक दुखरी गाठ हाताला लागते. त्वचा काळसर होते, मग गाठ फुटून पातळ स्राव वाहू लागतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा कापलेला भाग ज्या छिद्रातून ओढून बाहेर काढतात, ते थोडे रुंदावलेले असते. तेथेच कोणताही संसर्ग होण्याचा धोका अधिक. स्राव तपासायला पाठवला तर नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, कारण या जंतूंसाठी वेगळी तपासणी मागावी लागते. साधी प्रतिजैविके दिली की थोडा उतार पडतो आणि गाठ पुन्हा येते. तुकड्याच्या तपासणीत क्षयासारखे चित्र दिसले म्हणून क्षयाची औषधे सुरू होतात. ती या जंतूवर बहुधा चालत नाहीत. खरा उपाय म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे काही महिने घेणे, आणि गरज पडल्यास ती सारी जागा कापून काढणे.

हे महिने वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला इतरांहून कठीण जातात, आणि त्याचे कारण पानात आहे. १९३९ मध्ये बॉस्टनमधील तरुण शल्यचिकित्सक जॉन क्रँडन यांनी स्वतःवर एक प्रयोग केला. सहा महिने त्यांनी क जीवनसत्त्वाचा लवलेश नसलेला आहार घेतला. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहाव्या महिन्यात केलेली जखम त्वचेखाली भरेचना. जीवनसत्त्व दिल्यावर ती भरली. जखम भरणे म्हणजे नवे कोलॅजन विणणे, आणि त्याला क जीवनसत्त्व, जस्त आणि मुख्य म्हणजे प्रथिने लागतात. जठर मुठीएवढे उरलेल्या माणसाने रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असा सल्ला दिला जातो. वाटीभर वरणातून पाच-सात ग्रॅम मिळतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ती वाटीही एका बैठकीत संपत नाही. त्यात दीर्घकाळ चालणाऱ्या प्रतिजैविकांनी मळमळ होते आणि उरलीसुरली भूक जाते. शाकाहारी घरात पनीर, ताक, सोयाबीन आणि प्रथिनांची भुकटी यांचा हिशेब मांडल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही. मुलगा किंवा सून बारीक झाली म्हणून आनंदलेल्या घरात हा हिशेब ठेवायचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये केंपेगौडा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा इतरत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जखमेच्या प्रकरणात लिस्टर आणि त्यांचे कार्बोलिक आम्ल भेटते, परीक्षेत त्यावर टीपही येते. शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या खोलीत, जेथे वापरलेली हत्यारे सुटी करून घासली जातात, तेथे त्याने एखादी दुपार उभे राहावे, अशी सोय अभ्यासक्रमात क्वचितच असते. आता वाफ सोसणारी हत्यारे मिळतात. न सोसणाऱ्यांसाठी एथिलीन ऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्माची यंत्रे आहेत. जेथे द्रावणाशिवाय गत्यंतर नाही, तेथे निदान शेवटचे खळबळणे ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या पाण्यात व्हावे लागते. टाक्यातून भरून उकळलेल्या पाण्याची बादली दिवसभर उघडी राहिली, की संध्याकाळच्या शेवटच्या रुग्णापर्यंत ते पुन्हा नळाचेच पाणी झालेले असते.