शिक्षण आणि पुढचे बेत इंग्रजीत सांगताना

गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातून पदवी घेतलेली चंद्रपूर-गडचिरोलीची आपली मुले राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची स्वप्ने पाहतात. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. पण परदेशी विद्यापीठे बहुधा आयईएलटीएससारखी परीक्षा मागतात. तिच्यात ११ ते १४ मिनिटे समोरासमोर बोलावे लागते, आणि सुरुवातच घर, शिक्षण, काम यावरून होते. पेपर सोडवणारी पोरे इथे गप्प होतात.

आमच्या मते अडचण शब्दांची कमी, क्रियापदांची जास्त. मराठीत ‘शिकणे’ एकच. इंग्रजीत कॉलेजातल्या विषयाला ‘स्टडी’, पोहणे-शिवणकामाला ‘लर्न’. ‘मी एम.ए. करणार आहे’ हे पक्के ठरले असेल तर ‘आय अ‍ॅम गोइंग टू डू अ‍ॅन एम.ए.’, नुसती आशा असेल तर ‘आय होप टू’. आपण मात्र सगळीकडे ‘विल’ लावतो. ‘पास आउट’ तर टाळाच. आपल्याकडे पदवी मिळाली, इंग्लंडात बेशुद्ध पडलो! ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणे असते. रविवारी वंदनेनंतर विहारातच दोघांनी घड्याळ लावून एकमेकांना विचारले, तरी हा सराव होतो.