हृदयरोगी आणि विश्रांती : एका समजुतीचा इतिहास

सागवानाच्या या मुलखात करवतीचा आवाज कोणास अपरिचित नाही. हृदयरोगाच्या इतिहासातही ती एकदा डोकावून गेली आहे. चालताना छातीत उठणारे आणि थांबताच शमणारे दुखणे लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली प्रथम नीट वर्णिले. त्यांच्या पश्चात १८०२ साली निघालेल्या ग्रंथात एका रुग्णाची नोंद आहे : त्याने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला, आणि तो जवळजवळ बरा झाला.

ही नोंद ग्रंथातच राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या रुग्णास सहा-सहा आठवडे निजवून ठेवीत. त्यामागे निष्काळजीपणा नव्हता, तर्क होता. दुखावलेला स्नायू सांधण्यास आठवडे लागतात, तोवर त्यावर ताण नको. परंतु निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होत, त्या फुप्फुसात जात, आणि झटक्यातून वाचलेला मनुष्य उपचाराने दगावे!

१९५२ साली बोस्टनच्या लिव्हाइन व लाउन यांनी ८१ रुग्णांना खुर्चीत बसविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. केवळ बसविले, एवढेच. तरीही रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी प्रारंभी विरोध केला होता. पुढच्याच वर्षी जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास मांडला : दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांत हा रोग बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळला. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. डॉ. पॉल व्हाइट यांच्या देखरेखीखाली ते हिंडूफिरू लागले व १९५६ ची निवडणूकही जिंकले.

आपल्या देशात २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू वा पुन्हा येणारे झटके निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. मात्र पूर्वीच्या कामांकडे रुग्ण अधिक चांगल्या प्रकारे परतले, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या घरी याचे मोल थोडे नाही.

बोथच्या परिसरात आजही इस्पितळातून परतलेल्या कर्त्या पुरुषास घरचे लोक मायेने बाजेवर बसवितात. पाण्याची कळशीदेखील उचलू देत नाहीत. घरी निघताना डॉक्टरांस विचारावयाचे ते असे : किती मिनिटे चालावे, केव्हा वाढवावे, शेतकाम केव्हा सुरू करावे? चालताना छातीत दुखले वा धाप लागली तर तत्काळ थांबावे. बसूनही दुखणे शमले नाही, तर विलंब न करता इस्पितळ गाठावे.