हिमप्रदेशातील मुक्कामासाठी कोट निवडताना

पणजीत जानेवारीतही किमान तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये त्याच महिन्यात रात्रीचा पारा उणे 10 अंशांच्याही खाली उतरतो. आपल्याकडे शोभेसाठी घेतलेले स्वेटर तेथे उपयोगी पडत नाहीत. तंबूत राहणाऱ्याला तर कोट हेच घर असते.

कोट उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता तो अडवून धरतो, आणि हे काम मुख्यत्वे भरणात कोंडलेली स्थिर हवा करते. म्हणून वजनावरून उबेचा अंदाज बांधू नये. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात बदकाची मऊ पिसे भरून शिवलेला कोट नेला होता. प्रारंभी सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय झालेला हा कोट पुढे त्यांच्या हेव्याचा विषय ठरला.

आजही बदक किंवा हंसाच्या अंगालगतची तलम पिसे, म्हणजे ‘डाऊन’, वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब देतात. तिचा फुगवटा ‘फिल पॉवर’ या अंकाने दर्शवितात. 600 चांगला, 800 उत्तम. मात्र भरण किती ग्रॅम आहे, हेही विचारावे, कारण अंक मोठा आणि भरण तुटपुंजे असा प्रकार दुकानांत सर्रास आढळतो. पिसांचा वैरी ओल. भिजली की ती चिकटतात आणि हवा कोंडण्याची जागाच उरत नाही. लडाखच्या कोरड्या थंडीत पिसे योग्य. ओला बर्फ वा पाऊस अपेक्षित असेल तेथे कृत्रिम तंतूंचे भरण अधिक भरवशाचे. ते थोडे जड असले तरी ओलसर होऊनही बरीच ऊब राखते. शेकोटीभोवती बसणाऱ्यांनी लोकरीचा विचार करावा. ठिणगी पडली तर नायलॉन वितळून भोक पडते, लोकर सहसा पेट घेत नाही.

एकाच जाड कोटावर विसंबणे धोक्याचे. चढणीवर घाम येतो, थांबताच तोच घाम अंग गारठवितो. आत सुती बनियन नको, कारण सूत ओल धरून ठेवते. लोकरीचा वा कृत्रिम धाग्याचा अंगरखा, त्यावर स्वेटर, त्यावर कोट आणि वारा-पाऊस रोखणारे पातळ आवरण असे थर असावेत. कोट स्वेटरसह घालून पाहावा. हात वर केले असता कंबर उघडी पडू नये, टोपी कान झाकील अशी असावी आणि हातमोजे न काढता चेन ओढता यावी.

गोवेकरांसाठी खरी परीक्षा परतल्यावर. पावसाळ्यातील दमट हवेत दाबून ठेवलेल्या कोटाला बुरशी लागते. तो पूर्ण वाळवून, सैल सुती पिशवीत टांगावा आणि पावसाने उघडीप दिली की वाऱ्यावर धरावा.