वजनकाटा आणि शिंप्याची टेप

पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत कामगारांची आरोग्यतपासणी होते. उंची, वजन, रक्तदाब, नजर यांच्या ओळीत एक रकाना 'बीएमआय'चा असतो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा निघतो. 18.5 च्या खाली कमी वजन, तिथून 25 पर्यंत नॉर्मल, 25 पासून जादा वजन आणि 30 पासून लठ्ठपणा, ही त्याची सर्वपरिचित विभागणी. कार्डावर 'नॉर्मल' असा शेरा पडला की माणूस निर्धास्त होतो. हे माप मुळात कुणाच्या अंगावर बेतले गेले आणि ते आपल्या अंगाला बसते का, याचा शोध मला इथे घ्यायचा आहे. त्या शोधाचा एक मोठा धागा याच पुणे जिल्ह्यातून जातो.

या सूत्राचा जनक वैद्य नव्हता. अडॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुका सरासरीने ताडून पाहतात, तशी माणसांचीही सरासरी काढता येईल, या कल्पनेने त्याला झपाटले होते. 1835 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने 'सरासरी माणूस' ही संकल्पना मांडली. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षण त्याच खटाटोपातले. कोण लठ्ठ आणि कोण रोगट, हे ठरवणे त्याच्या मनातही नव्हते.

वजनाला रोगाशी, खरे तर मृत्यूशी, जोडले ते विमा कंपन्यांनी. कोणत्या उंचीच्या आणि वजनाच्या ग्राहकाचे किती वर्षांत पैसे द्यावे लागतात, हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने 1940 च्या दशकात 'आदर्श वजना'चे तक्ते काढले आणि ते डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन बसले. त्या तक्त्यांवर नाराज असलेल्या अॅन्सेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1972 साली सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासली. हे पुरुष पाच देशांतले होते: अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. स्त्री त्यांत एकही नव्हती, आणि भारत त्या पाचांत नव्हता. केटलेचे सूत्र इतर सूत्रांपेक्षा वाईट नाही, एवढाच त्याचा माफक निष्कर्ष होता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्यानेच दिले. याच कीजने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस 36 तरुणांना अर्धपोटी ठेवून उपासमारीचा प्रसिद्ध प्रयोग केला होता. भूक आणि चरबी, दोन्हींचा अभ्यास एकाच माणसाने केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कारण 1972 हे साल आपल्याकडे वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. महाराष्ट्रात तो दुष्काळाचा काळ. लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर होती. गावात पोट भरेना तेव्हा जी माणसे शहरांकडे निघाली, त्यांतली अनेक या पट्ट्यात आली. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा देशापुढचा शत्रू जंतुसंसर्ग होता. पुढे एमआयडीसी आली, मोटारींचे कारखाने आले, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि या शतकात चाकणचे माळरान कारखान्यांनी भरून गेले. दोन पिढ्यांत शेतातून असेंब्ली लाइनवर, भाकरीवरून कँटीनच्या थाळीवर आणि पायवाटेवरून कंपनीच्या बसमध्ये, असा हा प्रवास आहे.

आपल्याकडे बीएमआयचा वापर लठ्ठपणा मोजण्याआधी भूक मोजण्यासाठी रुजला. 1988 साली पोषणतज्ज्ञांनी 18.5 च्या खालच्या पायऱ्या आखून दिल्या आणि कुपोषणाच्या पाहण्यांना सोपे हत्यार मिळाले. 25 आणि 30 या वरच्या रेषा 1990 च्या दशकात जगभर प्रमाण ठरल्या. अमेरिकेने 1998 साली जादा वजनाची मर्यादा सुमारे 27 वरून 25 वर आणली, आणि कोट्यवधी अमेरिकन एक किलोही न वाढता रातोरात 'जादा वजनाचे' झाले. या मापाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: भूक एका टोकाला, चरबी दुसऱ्या टोकाला, आणि मधे आरोग्य.

या गृहीतकाला पुण्यात तडा गेला. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या रुग्णांकडे पाहिले, तेव्हा पाश्चात्त्य पुस्तकांतला लठ्ठ, उतारवयाचा रुग्ण त्यांना अनेकदा दिसेना. इथले रुग्ण तरुण होते, वजनाने बेताचे होते, पण पोट सुटलेले. रक्तातल्या साखरेचे नाते एकूण लठ्ठपणापेक्षा पोटाच्या स्थूलतेशी आहे, असे त्यांनी 1991 सालच्या शोधनिबंधात मांडले. पुढे 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटी, जराशी मिश्कील नोंद आली. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे अगदी नॉर्मल. क्ष-किरणांच्या तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हाही फरक त्यांनी प्रांजळपणे नोंदवला.

पण सगळा दोष व्यायामाच्या अभावाला देता येत नाही, हे पाळण्यातल्या बाळांनी दाखवले. 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. या मातांचा सरासरी बीएमआय 18 च्या आसपास होता. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोंची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळे प्रत्येक मापात लहान होती. दंड बारीक होते, यकृतासारखी इंद्रिये लहान असल्याने पोटाचा घेरही कमी होता. फक्त खांद्याच्या हाडाखालची कातडीलगतची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पोटात अन्न कमी पडले तेव्हा स्नायूंनी आणि इंद्रियांनी झीज सोसली, चरबी राखली गेली. दिसायला रोड, आतून चरबीचे! ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतली जवळपास निम्मी बीएमआयनुसार कमी वजनाची होती. तरीही 37 टक्के मुलग्यांत आणि 18 टक्के मुलींत उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. भूक आणि चरबी ही दोन टोके एकाच देहात नांदत होती.

यावर उपाय म्हणून रेषा खाली सरकवल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 साली आशियाई लोकांसाठी 23 पासूनच सावध व्हावे असे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली 25 लाच लठ्ठपणा मानला आणि पुरुषांसाठी 90, स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही कंबरेच्या घेराची मर्यादा घातली. माझ्या मते या दोन दुरुस्त्यांतली दुसरी अधिक मोलाची आहे. रेषा कुठेही ओढली तरी काट्याला हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. 170 सेंटिमीटर उंचीच्या, 85 किलोंच्या तालमीतल्या पैलवानाचा बीएमआय 29 च्या वर जातो आणि तो जवळजवळ लठ्ठ ठरतो. 165 सेंटिमीटर उंचीचा, 60 किलोंचा, पोट सुटलेला सुपरवायझर 22 वर नॉर्मल ठरतो.

म्हणून बीएमआय टाकून द्यावा का? मला तसे वाटत नाही. लाखो माणसांचा कल पाहायला ते स्वस्त आणि उपयुक्त माप आहे. देशातली भूक आणि लठ्ठपणा यांचे चित्र आपल्याला त्यातूनच मिळाले. पण समूहाचे माप एकट्या माणसाचा निकाल म्हणून वापरले की घोळ होतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीएमआयनुसार देशातल्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या होत्या. त्याच पाहणीत कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरानुसार मात्र 57 टक्के स्त्रिया धोक्याच्या गटात आल्या. या दोन आकड्यांच्या मधे ज्या स्त्रिया येतात, त्यांना काटा काहीच सांगत नाही.

त्या सहा गावांत 1990 च्या दशकात जन्मलेली मुले आता तिशीच्या घरात आहेत. त्यांच्याच वयाचे, तशाच गावांतून आलेले हजारो तरुण आज चाकणच्या शिफ्टला उभे आहेत. त्यांच्या आयांनी गरोदरपणात काय खाल्ले, हे कार्डावर लिहिलेले नसते. निदान काट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवावी, आणि घरात मधुमेह असेल किंवा कंबर मर्यादेबाहेर असेल, तर 'नॉर्मल' शेरा मारण्याआधी रक्तातली साखर बघावी. टेपला फारसा खर्च येत नाही, आणि तिच्यामागचे संशोधन परमुलखातून आणायचे नाही; ते इथल्याच माणसांच्या देहांवर झाले आहे.