खुष्कीचा टप्पा

मुंबईच्या गेटवेहून कॅटामरानने मांडव्याला उतरणारा प्रवासी पुढे ज्या बसने अलिबागला जातो, तिचे भाडे त्याने गेटवेलाच भरलेले असते. तिकीट एक, वाहने दोन. जुन्या मराठीत पाण्याच्या वाटेला तरी आणि जमिनीच्या वाटेला खुष्की म्हणत. मांडव्याच्या तिकिटात या दोन्ही एकत्र नांदतात.

विमान कंपन्यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या तिकिटात मात्र तसे नाही. या तिकिटांचे नियम साधारणतः असे : एकदा पूर्वेस निघालात की पूर्वेसच जात राहायचे, पश्चिमेस निघालात की पश्चिमेस; अटलांटिक व पॅसिफिक हे दोन्ही महासागर ओलांडायचे; निघालात त्याच देशी वर्षाच्या आत परतायचे. एखाद्या गावी २४ तासांहून अधिक राहिलात तर तो मुक्काम, त्याहून कमी तर नुसती विमानबदली. मुक्कामांना मर्यादा असते, टप्प्यांनाही. काही तिकिटांत १६ टप्प्यांहून अधिक घेता येत नाहीत. आणि समजा एका शहरी उतरून रेल्वेने दुसऱ्या शहरी गेलात व तेथून विमान पकडलेत, तर त्या मधल्या वाटेचे भाडे तुम्हीच भरायचे. तरीही तो टप्पा अनेक तिकिटांत मोजला जातोच. कोऱ्या कागदाचेही मोल द्यावे, तसे हे. त्या जागी तिकिटावर 'एआरएनके' अशी खूण येते. तिचा मूळ अर्थ 'आगमन अज्ञात'. प्रवासी येथून तेथे कसा पोहोचला, हे कंपनीला ठाऊक नाही.

आम्हांला या खुणेत मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासातला एक पेच दिसतो.

आधी थोडी पूर्वपीठिका. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुवेझला निघाली. पुढे सुवेझ ते अलेक्झांड्रिया एवढाच तुकडा जमिनीवरून, बाकी सारे पाणी. पण इंग्लंडच्या या अवघ्या वाटेला इंग्रज 'ओव्हरलँड' म्हणजे खुष्कीची वाट म्हणत. जहाज बदलण्याच्या त्रासाने वाटेचे नावच ठरवले. १८६९च्या नोव्हेंबरात कालवा उघडला आणि तो तुकडा गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेचे दोन किनारे रुळांनी जोडले गेले, १८७०च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले, आणि १८७२मध्ये टॉमस कुक आपली मंडळी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला.

याच वाटांवरून पुढल्या दशकात दोन मराठी माणसांनी पृथ्वीला वळसा घातला. एक गोपाळराव जोशी : १८७०च्या दशकात काही काळ अलिबागच्या टपालखात्यात असलेले, पुढे बदल्या होत बंगालपर्यंत गेलेले. आनंदीबाई १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. गोपाळराव मागाहून ब्रह्मदेश, सयाम, चीन, जपान असे पूर्वेकडून निघाले, सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि वाटेत व्याख्याने देत १८८५मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचले. दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्याही १८८३च्या एप्रिलमध्येच मुंबईहून इंग्लंडला गेल्या, १८८६मध्ये अमेरिकेस, आणि १८८८च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग करीत परतल्या. एक पूर्वेने, दुसरी पश्चिमेने. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभात दोघेही हजर होते.

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात. मेरू उत्तरेस मानला, तर पश्चिमेस जाणाऱ्याच्याच तो उजवीकडे राहतो. म्हणजे शास्त्रोक्त प्रदक्षिणा घडली ती इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंना! असो.

आजच्या नियमांना दोघेही उतरत नाहीत. वर्षाची मुदत दोघांनीही ओलांडली. पण पेच तो नव्हे. रमाबाईंच्या १८८९च्या पुस्तकाचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतचा सागरप्रवास पहिल्याच प्रकरणात आटोपतो. उरते ती राज्यपद्धती, घरे, शाळा, स्त्रियांची स्थिती. 'हे प्रवासवर्णन म्हणावे की समाजशास्त्र?' असा प्रश्न वर्गात हमखास निघतो. आमच्या मते तो प्रश्न जहाजाला प्रमाण मानल्यामुळे निघतो. तिकीट जिथे संपते आणि पुढचे जिथे सुरू होते, त्या मधल्या रिकाम्या जागेचे हे पुस्तक आहे. अमेरिकेत रमाबाई जी वर्षे हिंडल्या, व्याख्याने दिली, पैसा उभा केला, तोच त्यांचा प्रवास. दोन महासागर ही केवळ त्याची दोन टोके.

गोपाळरावांचे तसे पुस्तक नाही. आशिया आणि अमेरिका खंड ओलांडणारा हा माणूस मराठी वाङ्मयेतिहासात 'आनंदीबाईंचे यजमान' म्हणून उरतो. कॅरोलाइन डॉल आणि काशीबाई कानिटकर यांच्या चरित्रांतून तो दिसतो तो पत्नीच्या संदर्भात. त्याच्या विक्षिप्तपणाची चर्चा पुष्कळ झाली, वाटेची फारशी नाही. नोंदीत हा टप्पा मोजला जातो, पण त्या जागी काही लिहिलेले नाही. आगमन अज्ञात.

१८८६च्या ऑक्टोबरात दोघे न्यूयॉर्कहून निघाले आणि लंडनमार्गे १६ नोव्हेंबरला मुंबईस पोहोचले. प्रवास एकच, पण आनंदीबाईंच्या दृष्टीने तो परतीचा होता आणि गोपाळरावांच्या दृष्टीने प्रदक्षिणेचा शेवटला टप्पा. मुंबईच्या दक्षिणेकडील समुद्रात, थळसमोरच्या खांदेरीवर, १८६७पासून दीपगृह होते. तेथून अलिबाग हाकेच्या अंतरावर. आनंदीबाई क्षयाने खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या गेल्या. त्यांची रक्षा मात्र पुन्हा समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.