एका विषयाची जुळणी : गॉर्डन डेव्हिस आणि माहिती प्रणालीचे अभ्यासविश्व

व्यवस्थापनाच्या पदवीसाठी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘एमआयएस’ म्हणजेच व्यवस्थापन माहिती प्रणाली हा विषय आज चुकत नाही. मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या नावाचा स्वतंत्र विद्याविषय विद्यापीठांत अस्तित्वात नव्हता. संगणक कसा बनवावा हे संगणकशास्त्र शिकवत होते, हिशेब कसे ठेवावेत हे लेखाशास्त्र सांगत होते. परंतु कंपनीच्या कारभारात संगणक आल्यावर माणसे, निर्णय आणि अधिकार यांचे काय होते, या प्रश्नाला कोणाचेच घर नव्हते. ते घर उभे करण्यात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन डेव्हिस यांचा वाटा मोठा आहे. विशेष म्हणजे त्यांचे हे काम जितके लेखनातून, तितकेच माणसे व संस्था जोडण्यातून झाले.

डेव्हिस मूळचे लेखाशास्त्राचे. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९६१ मध्ये ते मिनेसोटात आले. आयबीएमने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमाला जाहीर केली आणि मोठ्या कंपन्यांत संगणक झपाट्याने शिरू लागले. संगणकावर ठेवलेले हिशेब तपासायचे कसे, हा लेखापरीक्षकांपुढचा पेच त्यातूनच निर्माण झाला. या प्रश्नावर डेव्हिस यांनी १९६८ मध्ये लिहिलेला ग्रंथ अमेरिकी सनदी लेखापालांच्या संस्थेने प्रसिद्ध केला. म्हणजे या विषयाकडे ते आले ते व्यवसायातील अडचणीच्या वाटेने, तत्त्वचर्चेच्या नव्हे.

त्याच सुमारास गॅरी डिक्सन आणि टॉम हॉफमन या सहकाऱ्यांसह त्यांनी मिनेसोटात व्यवस्थापन माहिती प्रणालीचा डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यासक्रम सुरू केला. अशा प्रकारचा हा पहिला औपचारिक अभ्यासक्रम मानला जातो. त्याला जोडून संशोधन केंद्रही निघाले आणि परिसरातील कंपन्यांना त्याचे सहयोगी सदस्य करून घेण्यात आले. मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत हनीवेल, कंट्रोल डेटा यांसारख्या कंपन्यांचा तेव्हा दबदबा होता. कंपन्यांकडे खरे प्रश्न आणि माहिती होती, विद्यापीठाकडे अभ्यासक होते. डेव्हिस पुढे ज्या अध्यासनावर होते, त्याला हनीवेलचेच नाव होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

१९७४ मध्ये त्यांचे व्यवस्थापन माहिती प्रणालीवरील पाठ्यपुस्तक आले. १९८५ ची दुसरी आवृत्ती त्यांनी मार्ग्रेट ओल्सन यांच्यासह सिद्ध केली. निर्णयशास्त्र, मानसशास्त्र, संघटनशास्त्र आणि संगणक यांतील विखुरलेल्या संकल्पना या पुस्तकाने एका सूत्रात आणल्या. भारतीय विद्यार्थ्यांच्याही हाती ते आले.

खरी अडचण निराळीच होती. नव्या विषयातील तरुण अध्यापकाने शोधनिबंध लिहिला तर छापायचा कुठे? लेखाशास्त्राच्या नियतकालिकाला तो संगणकाचा वाटे आणि संगणकाच्या नियतकालिकाला व्यवस्थापनाचा. अमेरिकी विद्यापीठांत कायम नेमणूक प्रकाशित संशोधनावर ठरते. त्यामुळे स्वतःचे व्यासपीठ नसलेल्या विषयातील अध्यापकाची नोकरीच टांगणीला लागत असे. या कोंडीवर मिनेसोटानेच उपाय काढला. माहिती विभागांच्या प्रमुखांची १९६८ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि विद्यापीठाचे संशोधन केंद्र यांनी मिळून १९७७ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक काढले. डिक्सन त्याचे पहिले संपादक झाले. व्यवसायातील उपयोजन आणि सिद्धान्त व संशोधन असे दोन विभाग त्यात ठेवले होते, जेणेकरून अधिकारी आणि अभ्यासक दोघेही एकच अंक उघडतील. हा मेळ मात्र फार काळ टिकला नाही. संशोधनाची भाषा जसजशी काटेकोर होत गेली, तसतसा अधिकारी वर्ग दुरावला. अखेर त्यांच्यासाठी २००२ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली एक्झिक्युटिव्ह’ हे वेगळे नियतकालिक काढावे लागले.

नियतकालिकापाठोपाठ वार्षिक भेटीची गरज होतीच. माहिती प्रणालीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८० मध्ये फिलाडेल्फियात भरली. पीटर कीन यांनी तिथे मांडलेल्या निबंधात या विषयाला वर्मावर बोट ठेवून विचारले, की तुमची संदर्भशास्त्रे कोणती आणि एकाच्या संशोधनावर दुसऱ्याचे संशोधन उभे राहते काय? परिषदेला जोडून डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र मेळावा घेण्याची प्रथा रूढ झाली. आपला आराखडा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला अन्य विद्यापीठांतील ज्येष्ठ प्राध्यापक तिथे प्रश्न विचारतात आणि पुढील तीस वर्षे ज्यांच्याशी पत्रव्यवहार होणार, असे समवयस्कही तिथेच भेटतात. डेव्हिस यांना संशोधक घडवण्याच्या या बाजूत मनापासून रस होता. डॉक्टरेटचा प्रबंध कसा लिहावा यावर क्लाइड पार्कर यांच्यासह १९७९ मध्ये त्यांनी पुस्तकच लिहिले.

अमेरिकेबाहेरची बाजूही त्यांनी सोडली नाही. माहिती प्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची माहिती प्रणालीविषयक आठवी तांत्रिक समिती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कामाला लागली. तिथे डेव्हिस यांनी अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले आणि पुढे अध्यक्षपदही सांभाळले. याच महासंघात भारताच्या बाजूने कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया होती. समितीच्या वर्तुळात स्वीडनचे बोर्ये लांगेफोर्स, मँचेस्टरच्या एनिड ममफर्ड असे अभ्यासक होते आणि त्यांची विचारपद्धती अमेरिकेपेक्षा वेगळी होती. आकडेवारी व प्रयोगांवर अमेरिकेचा भर, तर यंत्रासमोर बसणाऱ्या कामगाराचे म्हणणे ऐकण्यावर ममफर्ड यांचा. समितीच्या एका कार्यगटाने १९८४ मध्ये मँचेस्टर येथे घेतलेल्या चर्चासत्रात संशोधनाच्या पद्धतींवरून हा वाद खुलेपणाने झाला. त्यानंतर व्यष्टी-अध्ययनासारख्या पद्धतींना या विषयात हळूहळू मान मिळू लागला. जाळे विणणाऱ्याने आपल्यासारखेच लोक गोळा केले असते, तर हे घडणे कठीण होते.

१९९४ मध्ये ‘असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्स’ ही जागतिक संघटना स्थापन झाली. अमेरिका खंड, युरोप-आफ्रिका आणि आशिया-प्रशांत अशा तीन विभागांतून पाळीपाळीने अध्यक्ष निवडण्याचा तिचा नियम आहे. डेव्हिस १९९८ मध्ये अध्यक्ष होते. पुढे संघटनेचा ‘लिओ’ हा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. ‘लिओ’ हे नाव १९५१ मध्ये ब्रिटनच्या लायन्स कंपनीने व्यावसायिक कामासाठी वापरलेल्या संगणकाचे. ही कंपनी चहाची दुकाने चालवत असे, हे आज अनेकांना गमतीचे वाटेल.

एवढी संस्थात्मक चौकट उभी राहूनही विषयाची अस्वस्थता संपली नाही. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यानंतर अमेरिकेत या विषयाकडील विद्यार्थ्यांचा ओघ आटला. २००३ मध्ये इझाक बेनबसात आणि रॉबर्ट झ्मड यांनी ‘एमआयएस क्वार्टर्ली’तच, माहिती प्रणालीच्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष प्रणालीचाच विसर पडू दिला आहे, असा इशारा देऊन ओळखीच्या संकटाची चर्चा छेडली. त्यावर बाजूने आणि विरोधात बरेच लिहिले गेले.

परिषदेचा पसारा मात्र वाढत राहिला. २०२० ची परिषद हैदराबादला भरायची होती. भारतातील यजमानपदाची तयारी असतानाच कोविडची साथ आली आणि ती संपूर्णपणे ऑनलाइन घ्यावी लागली.