खिशातली ठिणगी

दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उडवलेलं असतं. लाल कागदाची गुंडाळी, तिच्यावर काळसर ठिपके. चाप ओढला की घोडा ठिपक्यावर आपटतो आणि ‘फट्’ असा आवाज येतो. पिस्तूल हाताशी नसेल तर टिकली फरशीवर ठेवून दगडाने ठेचायची. वर्गात विचारून बघा, इथे आग आली कुठून? काडी ओढलेली नाही, वात पेटवलेली नाही. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि लाल फॉस्फरस असतो, आणि नुसत्या आघाताने त्यांच्यातली अभिक्रिया सुरू होते. (हे मिश्रण शाळेत मुळीच करून बघू नका. कोरडं असताना ते घासण्यानेसुद्धा उडतं.)

स्वसंरक्षणासाठी कपड्यांखाली लपवून बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर, आणि त्यावरून अमेरिकेत दोनशे वर्षं चालू असलेला वाद, यांचं मूळ शोधायला गेलं तर ते गोळीत किंवा नळीत सापडत नाही. ते बत्तीत सापडतं. बंदुकीतल्या दारूला आग कशी लावायची, हा तो प्रश्न.

किल्ल्यांच्या गोष्टींत आपल्याला तोड्याची बंदूक भेटते. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. तिचं टोक सतत धुमसत ठेवायचं आणि चाप ओढला की ते दारूला टेकायचं. पाऊस आला की पंचाईत, अंधारात टोकाचा निखारा दिसणार, वास तर लांबूनच येणार. अशी जळती दोरी खिशात घालून कोण हिंडणार? तोड्याच्या काळात लपवलेली बंदूक संभवतच नव्हती.

१५००च्या सुमारास युरोपात चाकाची कळ आली. किल्ली देऊन ताणलेलं पोलादी चाक चाप ओढताच गरकन फिरतं आणि त्याच्याशी घासून गंधकयुक्त खनिजाच्या ठिणग्या उडतात. आपला सिगारेटचा लायटर बराचसा असाच चालतो. आता बंदूक भरून, तयार करून झग्याखाली ठेवता येऊ लागली. त्यावर राज्यकर्त्यांची प्रतिक्रियाही लगेच आली. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७-१८च्या सुमारास आपोआप पेटणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली. बंदुका युरोपात आधीही होत्याच. भीती वाटली ती न दिसणाऱ्या बंदुकीची.

पुढे स्वस्त आणि साधी चकमकीची कळ आली. खिशात मावणारी चकमकीची पिस्तुलंही झाली, पण त्यांचा भरवसा नव्हता. रंजकाची दारू, म्हणजे बाहेरच्या छोट्या प्याल्यातली चिमूटभर दारू, दमट व्हायची किंवा सांडायची. ज्या हत्याराची गरज आयुष्यात एखाद्या वेळी, तीही अचानक पडणार, ते त्या एका वेळी पेटलंच नाही तर काय उपयोग?

हा प्रश्न सोडवला तो एका पाद्र्याने, आणि स्वसंरक्षणाशी त्याचा काही संबंध नव्हता. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या अलेक्झांडर फोर्साइथला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसला की पाणपक्षी बुडी मारायचे आणि गोळी पोचेपर्यंत जागा रिकामी. एडवर्ड हॉवर्डने १८०० साली रॉयल सोसायटीपुढे मर्क्युरी फल्मिनेटची माहिती मांडली होती. टिचकी मारावी तसा आघात झाला तरी स्फोट होणारं हे करडं चूर्ण. हॉवर्ड स्वतः त्यात जखमी झाला होता. आघाताने उडणाऱ्या अशा संयुगांनी बंदूक पेटवण्याचं पेटंट फोर्साइथने १८०७ साली घेतलं. आणखी काही वर्षांत फल्मिनेटचा ठिपका तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसवला गेला. टोपी कोणी शोधली याचे दावेदार अनेक आहेत. ते भांडण आपण सोडून देऊ.

इथे जरा आडवाटेला जायचा मोह मला आवरत नाही. लहानपणी डार्मश्टाटच्या बाजारात एका फिरत्या विक्रेत्याला फल्मिनेटचे फटाके बनवताना पाहून भारावलेला मुलगा म्हणजे युस्टुस लीबिग. पुढे १८२४ साली पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकबरोबर त्याने सिल्व्हर फल्मिनेटचं पृथक्करण केलं. त्याच सुमारास व्होलरने सिल्व्हर सायनेटचं केलं. दोघांचे आकडे जुळले! तेच अणू, तेच प्रमाण. पण एक पदार्थ हात लावायची सोय नाही असा, दुसरा शांत. आधी एकाला दुसऱ्याची चूक वाटली. यातूनच समघटकतेची कल्पना पुढे आली आणि १८३० साली बर्झेलियसने तिला नाव दिलं. अकरावी-बारावीला समघटकता शिकवताना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जमिनीवर आपटायच्या कागदी फटाक्यांत सिल्व्हर फल्मिनेटच असतं, हेही.

आता अमेरिकेत. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने टोपीवर चालणारं एकबारी पिस्तूल असं लहान केलं की ते तळहातात लपावं. त्याने पेटंट घेतलं नाही, नकला भराभर झाल्या आणि अशा पिस्तुलांना त्याचंच नाव पडलं, तेही जादा ‘आर’ घालून चुकीच्या स्पेलिंगने. १४ एप्रिल १८६५च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली ती अशाच डेरिंजरने. ते पिस्तूल त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. लांबी जेमतेम १५ सेंटिमीटर, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. स्वसंरक्षणाला सोयीचं जे जे, ते ते हल्ल्यालाही सोयीचं.

उरली होती एक अडचण. एकदा उडवलं की पुन्हा भरायला वेळ लागे. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट १८३६चं. त्यात फिरत्या चक्रात अनेक बार भरता येत, पण दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी घालावी लागे. रोलिन व्हाइट याने १८५५ साली आरपार भोकं असलेल्या चक्राचं पेटंट घेतलं. ते स्मिथ आणि वेसन यांनी वापरलं आणि १८५७ साली त्यांचं पहिलं छोटं रिव्हॉल्व्हर आलं. सात बार, .२२ कॅलिबर, गोळी दोन ग्रॅमहूनही हलकी. टोपी, दारू आणि गोळी आता एकाच तांब्याच्या काडतुसात होती. फल्मिनेट जाऊन बसलं काडतुसाच्या कडेत. यादवी युद्धातल्या कितीतरी सैनिकांनी हे रिव्हॉल्व्हर पदरचे पैसे घालून विकत घेतलं.

सतत बाळगायचं म्हटलं की वेगळेच प्रश्न येतात. घोडा काडतुसावर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर पडलं तर बार उडू शकतो. म्हणून शहाणे लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. १८८७ साली घोडा आत झाकलेलं रिव्हॉल्व्हर आलं. ते खिशातून काढताना कपड्यात अडकत नसे आणि मूठ नीट आवळल्याशिवाय उडत नसे. १९५० साली आलेल्या ‘चीफ्स स्पेशल’मध्ये सहाऐवजी पाचच बार होते. एक घर कमी केलं की चक्राची जाडी घटते आणि कोटाखालचा उंचवटा कमी दिसतो. तोवर काडतुसातल्या फल्मिनेटची जागा शिशाच्या संयुगांनी घेतली होती.

कायद्याचा रोख मात्र पुन्हा लपवण्यावरच होता. टोपीचा प्रसार होण्याच्याही आधी, १८१३ साली, केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी लपवून हत्यार बाळगण्यावर बंदी घातली. उघडपणे कमरेला लावलेलं चालेल, लपवलेलं नाही. त्यामागचा विचार असा की सज्जनाला लपवायचं कारण काय? केंटकीच्या न्यायालयाने १८२२ साली हा कायदा रद्द केला, तर राज्याने १८५० साली घटनाच बदलून घेतली. न्यूयॉर्कने १९११ साली परवाना सक्तीचा केला. तिथे लपवून बाळगायच्या परवान्यासाठी खास कारण दाखवावं लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. टेक्ससमध्ये तर दुकानाच्या, दवाखान्याच्या दारावर ‘लपवलेलं पिस्तूल आत आणू नये’ अशी पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लावतात. तिच्यावरची अक्षरं किमान एक इंच उंचीची हवीत, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे आता वाटेत भेटणाऱ्या सज्जनाच्या खिशात ते असू शकतं, हे गृहीतच धरलेलं.

पण अशा पिस्तुलाने संरक्षण होतं का? लपवलेल्या गोष्टीची मोजदाद करणं किती अवघड, ते इथे कळतं. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं की ज्या घरात बंदूक आहे तिथे खून होण्याची शक्यता २.७ पट दिसते. यावर रास्त आक्षेप असा की ज्यांना आधीच धोका होता त्यांनीच बंदूक घेतली असेल. १९९५ साली गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्‌झ यांनी सुमारे पाच हजार लोकांना फोनवरून विचारून अंदाज बांधला की वर्षाला २१ ते २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात. सरकारी गुन्हे-सर्वेक्षणातून निघणारा आकडा होता लाखाच्या आसपास. एवढा फरक कसा?

फळ्यावर मांडून बघा. समजा हजारात एकानेच खरोखर बचाव केला आहे. उरलेल्या ९९९ पैकी फक्त एक टक्का लोक विसरून, वर्ष चुकवून किंवा बढाई मारून ‘हो’ म्हणाले, तरी दहा खोटे होकार मिळाले. एकाचे झाले अकरा. उलट बाजूने, तो एक खरा माणूस ‘नाही’ म्हणाला तर फार तर एकच कमी होईल. विरळ घटनेत चुकीचं पारडं नेहमी एकाच बाजूला झुकतं. डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ साली नेमका हाच मुद्दा मांडला. क्लेक यांचं उत्तर असं की सरकारी माणसाला बेकायदा पिस्तुलाची कबुली कोण देईल? तेही अगदीच फेटाळता येत नाही. मला हेमेनवेंचं गणित अधिक पटतं. पण गणिताने वरची मर्यादा खाली येते. खरा आकडा मात्र हाती लागत नाही.

त्यासाठी आणखी संशोधन हवं होतं, आणि ते बराच काळ झालंच नाही. १९९६ साली काँग्रेस सदस्य जे डिकी यांच्या पुढाकाराने अट घालण्यात आली की रोगनियंत्रण केंद्राचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरला जाऊ नये. प्रचार आणि संशोधन यांतली रेघ कोणी स्पष्ट केली नाही, आणि केंद्राच्या निधीतून २६ लाख डॉलरही काढून घेतले. बंदुकीच्या जखमांवर त्या केंद्राने आदल्या वर्षी जवळपास तेवढेच पैसे खर्च केले होते. पुढे डिकी यांचंच मत बदललं. २०१२ साली त्यांनी या केंद्रातले आपले जुने विरोधक मार्क रोझेनबर्ग यांच्याबरोबर वर्तमानपत्रात लेख लिहून हे संशोधन पुन्हा सुरू करा असं म्हटलं. २०१७ साली डिकी वारले. अडीच कोटी डॉलरचा निधी मंजूर झाला तो डिसेंबर २०१९ मध्ये.